काटेरी हलवा आणि हलव्याचे दागिने: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट. दागिने बाजारात तयार मिळतात, पण घरी करायचे म्हटलं की बहुतेकजण कागद, लेस आणि गोंदापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. या दागिन्यांचं खरं काम हलव्याच्या काट्यात असतं. काटा नुसता शोभेचा नाही. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं तर दाणा फुटतो. म्हणून तो दोऱ्यात बांधावा लागतो, आणि बांधलेला दोरा काट्यांच्या खाचेत अडकून राहतो. गुळगुळीत दाणा दोऱ्यातून निसटतो. तेव्हा आधी हलवा, मग दागिने.

दिवस मोजून ठेवा

संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. बोरन्हाण आणि हळदीकुंकू तिथून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, त्यामुळे घाई नसते, पण दागिने संक्रांतीलाच हवे असतील तर किमान आठ दिवस आधी लागा. तिळाच्या हलव्याला तीन-चार बैठका, साबुदाण्याच्या हलव्याला दोन, मग एक दिवस वाळवण आणि दोन संध्याकाळी दागिन्यांच्या. आदल्या रात्री सुरू केलेला हलवा आदल्या रात्रीच फसतो.

वेळ शक्यतो पहाटेची किंवा सकाळची निवडा. जुन्या बायका थंडीतच हलवा करायच्या, त्याला कारण आहे. पाकातलं पाणी पटकन उडून गेलं तर साखर जागच्या जागी बसते, आणि त्यासाठी हवा कोरडी लागते. पुणे, नाशिक, नागपूरकडे जानेवारीत हे आपोआप जमतं. मुंबईत आणि कोकणात दमट हवा आडवी येते, तिथे स्वयंपाकघरात दुसऱ्या गॅसवर भात-आमटी उकळत असताना हलवा करायला बसू नका. परदेशात थंडीत हीटर लावलेल्या घरातली हवा खूप कोरडी असते. तिथे काटा चांगला येतो.

तीळ की साबुदाणा?

हलवा कशावरही चढवता येतो: तीळ, खसखस, साबुदाणा, मगज बी, डाळं, लवंग, शेंगदाण्याचे तुकडे. खाण्यासाठी तिळाचाच उत्तम. दागिन्यांसाठी मात्र नवख्या हाताने साबुदाण्यापासून सुरुवात करावी. दाणा मुळातच गोल आणि मोठा असतो, त्यामुळे थर कमी लागतात आणि आकार एकसारखा येतो. तिळाचा बारीक हलवा नथ, कानातली, मुकुटाची किनार अशा नाजूक जागी कामाला येतो.

प्रमाण असं: 50 ग्रॅम साबुदाण्याला किंवा दोन टेबलस्पून (साधारण 18 ग्रॅम) तिळाला 250 ग्रॅम साखर आणि 125 मिली पाणी. दोन चमचे तीळ बघून बहुतेकांना वाटतं, एवढ्याने काय होणार, आणि ते वाटीभर ओततात. दोन चमच्यांत पाच-सहा हजार तीळ असतात. वाटीभर तिळांवर तेवढीच साखर वाटली गेली तर आठवडाभर ढवळूनही दाणा तिळाएवढाच राहील. वरच्या प्रमाणात तिळाचा दाणा जोंधळ्याएवढा होतो आणि साबुदाण्याचा मटाराच्या दाण्याहून थोडा लहान. एका बाळाचा पूर्ण साज चारशे ते पाचशे दाण्यांत बसतो, म्हणजे 50 ग्रॅम साबुदाण्यात तो होऊन वाटायलाही हलवा उरतो.

पाक

साखर आणि पाणी उकळत ठेवा. उकळी आली की टेबलस्पूनभर दूध घाला. मळी फेसासारखी वर येते, ती काढून टाका आणि पाक मलमलच्या कापडातून गाळून घ्या. ही पायरी गाळली तर हलवा पांढराशुभ्र होत नाही, राखाडी झाक राहते. गाळलेला पाक परत दोन-तीन मिनिटं उकळा. दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार निघावी आणि लगेच तुटावी. यापुढे नको.

लिंबू पिळू नका. लाडवाच्या किंवा गुलाबजामच्या पाकात साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून लिंबू घालतात, इथे आपल्याला नेमकं उलटं हवंय. साखर दाण्यावर बसून घट्ट व्हायला हवी. लिंबाचा पाक कितीही वाळवला तरी हाताला चिकटतो.

पाक बाजूला अगदी कोमट राहील असा ठेवा. काम चालू असताना तो दाटत जातो, कडेला साखर धरते. तसं झालं की दोन चमचे पाणी घालून एक उकळी द्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. दाट पाक ओतला तर परातीत साखरेची भुकटी होते आणि दाणे एकमेकांना धरतात. पातळ ओतला तर आधीचा थर विरघळतो आणि आलेला काटा जातो.

काटा आणणे

पितळेची किंवा स्टीलची पसरट परात घ्या, नाहीतर जाड बुडाची कढई. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून हे काम व्हायचं. गॅसवर तीच आच मिळवायची तर सर्वांत लहान बर्नर, सर्वांत मंद ज्योत, वर लोखंडी तवा आणि तव्यावर परात. कसोटी सोपी आहे: परातीच्या तळाला बोटांची टोकं टेकवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. त्याआधी चटका बसला तर आच जास्त आहे. जास्त आचेवर पाक पसरण्याआधीच वाळतो आणि दाण्याला लागायच्या ऐवजी भुकटी होते. मधूनच परात गॅसवरून उतरवून दोन मिनिटं खाली ठेवायला हरकत नाही, जाणत्या बायका असंच करतात.

साबुदाणा किंवा तीळ आधी चाळून धूळ काढा आणि परातीत दोन मिनिटं फक्त गरम करा. भाजायचं नाही, रंग बदलता कामा नये.

आता अर्धा चमचा पाक सगळीकडून थेंब थेंब सोडा आणि लगेच बोटांच्या टोकांनी दाणे गोल गोल फिरवा. प्रत्येक दाणा ओला झाला पाहिजे. सुरुवातीला सगळा गोळा होईल, घाबरू नका, फिरवत राहा. मिनिटभरात दाणे सुटे होऊ लागतात, हाताला आधी चिकट, मग खरखरीत लागतात आणि परातीवर फिरताना त्यांचा कोरडा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. आवाज येण्याआधी घातला तर जोडदाणे होतात.

पहिले पंधरा-वीस चमचे काटा दिसत नाही, दाणा नुसता पांढरा होत जातो. इथेच लोक कंटाळून एकदम मोठा चमचा ओततात. ओतू नका. दर दहा चमच्यांनी सगळं बारीक चाळणीतून चाळा. खाली पडलेली भुकटी पाकात टाकून पाण्याबरोबर परत उकळली की वाया जात नाही. परातीत राहू दिली तर ती दाण्यांवर बसून काट्यांच्या खाचा बुजवते. जोडदाणे याच वेळी बोटांनी सोडवा, नंतर ते सुटत नाहीत.

वीस-पंचवीस चमच्यांनंतर दाण्यावर बारीक उंचवटे दिसायला लागतात. दाणा फिरताना पाक आधी उंचवट्यांना लागतो आणि तिथेच वाळतो, त्यामुळे उंच भाग आणखी उंच होतो आणि खाच खाचच राहते. आता हाताची पद्धत बदलायची. आतापर्यंत दाणे चोळत होतो, इथून पुढे चोळायचं नाही, नुसतं लोटायचं. तळहात उचललेला, फक्त बोटांची टोकं, आणि दाणे परातीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे घरंगळवायचे. दाब पडला की कोवळा काटा मोडतो. चमचा आता पूर्ण भरून चालेल, कारण दाण्यांचा पृष्ठभाग वाढलेला असतो. (जपानात कोन्पेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी तापलेल्या फिरत्या कढईत करतात, तिला दोन आठवडे लागतात. त्यामानाने आपली सुटका लवकर होते.)

एका बैठकीला दीड तास पुरे. बोटांना काटे टोचून हात हुळहुळा होतो, आणि हाताला घाम आला की हलवाही ओलसर होतो, म्हणून शेजारी सुती फडकं ठेवा. बैठक संपली की हलवा कागदावर पसरून वर मलमल टाका आणि कोरड्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये कधीच नाही, बाहेर काढल्यावर दाण्यावर पाणी धरतं आणि काटे जातात. दुसऱ्या दिवशी दाणे आधी किंचित गरम करून मगच पाक घालायचा.

रंग हवा असेल तर शेवटच्या पाच-सहा चमच्यांपुरता पाक वेगळा काढून त्यात केशर किंवा खायचा रंग मिसळा. आधीपासून रंग घातला तर गडद आणि डागाळलेला दिसतो. पांढऱ्यात थोडा केशरी, थोडा गुलाबी एवढंच ठेवलेलं काळ्या कपड्यावर उठून दिसतं.

बिघडलेलं बरंचसं दुरुस्त होतं. हलवा पिवळट झाला तर आच जास्त होती, तो पांढरा होणार नाही, केशरी रंग देऊन टाका. काटे बोथट झाले तर पाक पातळ होता किंवा हवा दमट. पाक एक उकळी जास्त देऊन आणखी दहा चमचे चढवा, काटा परत उठतो. दाणे चिकट राहिले तर पंख्याखाली पसरून दिवसभर ठेवा. तरीही चिकटच राहिले तर पाकच बिघडलेला आहे, तो हलवा चहात घाला, दागिन्यात नको.

वेळच नसेल तर हलवा विकत आणून पुढचं घरी करा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त घेताना दाणा उजेडात धरून पाहा. काट्यांमध्ये खोल खाचा दिसल्या पाहिजेत. नुसता खडबडीत दाणा वाटायला ठीक, बांधायला नाही.

दाणा बांधण्याची गाठ

ही एक गाठ जमली की सगळे दागिने जमतात. शिवणाचा पांढरा सुती दोरा दोन मीटर घ्या आणि मधोमध दुमडा. दुमड खुर्चीच्या पाठीला किंवा खिळ्याला अडकवा, दोन्ही पदर तुमच्याकडे येतील. दुमडीपासून पंधरा सेंटीमीटर सोडून, म्हणजे बांधायला दोरा ठेवून, एक साधी गाठ मारा.

आता दोन पदर फाकवून मध्ये दाणा धरा. एक पदर दाण्याच्या डाव्या बाजूने, दुसरा उजव्या बाजूने घेऊन दाण्याच्या अलीकडे साधी गाठ मारा. गाठ घट्ट करण्याआधी नखाने ती दाण्याला टेकेपर्यंत सरकवा आणि दोन्ही पदर हलके ओढा. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसल्याचं बोटाला जाणवतं. न बसता काट्याच्या टोकावर राहिला तर दाणा थोडा फिरवून घ्या. मग त्याच गाठीवर दुसरी गाठ. पुढचा दाणा साधारण एक सेंटीमीटरवर. जोर लावून ओढलं तर काटा तुटतो आणि दोरा सैल पडतो, म्हणजे घट्ट करण्याच्या नादात उलट सैल होतं.

चाळीस दाण्यांचा एक पदर म्हणजे साधारण 40 सेंटीमीटर. पहिल्या पदराला तासभर लागेल, तिसऱ्याला वीस मिनिटं. नायलॉनचा दोरा वापरू नका, त्याची गाठ आपोआप सुटते.

बाळाचा साज

बाळाचे दागिने मोजक्या वेळापुरते असतात आणि ते ओढणारच, हे धरून चाला. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे, आणि मुलगा असो की मुलगी, बासरी. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 45-46 सेंटीमीटर असतो, पण आपल्या बाळाचा मोजूनच घ्या.

मुकुटासाठी कार्डशीटची 30 सेंटीमीटर लांब पट्टी कापा, कडेला चार सेंटीमीटर उंच आणि मध्यभागी निमुळती आठ सेंटीमीटर. ती पुढच्या बाजूलाच येते, मागे साटिनची रिबन. पूर्ण गोल मुकुट केला तर डोक्यावर एकतर घट्ट बसतो किंवा डोळ्यांवर उतरतो. पट्टीवर सोनेरी कागद किंवा काळं वेलवेट चिकटवा, आतल्या बाजूला मऊ सुती कापड लावा. मग दाणे चिकटवा: आधी कडेची ओळ बारीक तिळाच्या हलव्याने, मग मधलं फूल मोठ्या दाण्यांनी, शेवटी उरलेली जागा. गोंद पांढरा, दाट, आणि दाण्याला नाही तर कागदाला लावायचा, अगदी ठिपक्याएवढा. गोंदात पाणी असतं, जास्त लावला तर दाण्याचा तळ विरघळून तो कलतो. चार तास आडवा वाळवा.

बाजूबंदाला 10 बाय 3 सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या, कंबरपट्ट्याला बांधलेले दोन पदर आणि मध्ये एक चौकोनी पदक. बासरी म्हणजे 20 सेंटीमीटर लांब कागदाची घट्ट गुंडाळी, त्यावर सोनेरी कागद आणि वरून हलव्याचा पदर तिरका गुंडाळून दोन टोकांना चिकटवलेला.

हाराच्या मानेकडच्या भागात दाणे घालूच नका. मागचे दहा-बारा सेंटीमीटर नुसती रिबन ठेवा. काटा मानेला घासतो आणि बाळ रडतं, मग फोटोही होत नाहीत. रिबनला गाठ न मारता दोन टोकांना वेल्क्रो लावा, म्हणजे ओढल्यावर सुटेल. तार, टाचणी, सेफ्टी पिन बाळाच्या दागिन्यात नको. आणि हलवा कडक असतो. लहान मुलाच्या घशात तो अडकू शकतो, म्हणून दागिने घातल्यापासून काढेपर्यंत एक मोठं माणूस फक्त बाळाच्या हातातोंडाकडे बघायला ठेवा. बोरन्हाणात डोक्यावरून ओतायच्या चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे यांतही हलवा मोजकाच घाला. बाळापुढचं मोठ्या मुलांनी लुटून झालं की जमीन झाडून घ्या.

सुनेचे आणि जावयाचे

मोठ्यांच्या दागिन्यांत हौसेला वाव आहे: तन्मणी, चिंचपेटी, मंगळसूत्र, बांगड्या, झुबे, बिंदी, नथ. चिंचपेटी म्हणजे गळ्यालगतची पट्टी, ती वेलवेटवर चिकटवूनच चांगली दिसते. मंगळसूत्र बांधूनच. काळा हलवा मिळेल या आशेने काळे तीळ घेऊ नका, साखरेचे थर चढले की काळे तीळही पांढरेच दिसतात. काळ्या दोऱ्यात एक दाणा हलवा, दोन काळे मणी अशी ओळ ठेवा. खालच्या दोन वाट्यांसाठी दीड सेंटीमीटर व्यासाचे कार्डशीटचे गोल सोनेरी कागदात मढवा आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक दाणा लावा.

बांगड्यांना जुन्या धातूच्या बांगडीवर आधी सुती लेस गुंडाळा. नुसत्या धातूवर गोंद धरत नाही. नथीला फक्त तिळाचा बारीक हलवा, सात-आठ दाणे पुरेत, आणि दाबाच्या नथीचा सांगाडा विकत आणलेला बरा. झुबे जड होतात, कान ओघळतात. म्हणून प्रत्येकी पंधरा दाण्यांच्या पुढे जाऊ नका.

जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. नारळाला आधी कागद घट्ट चिकटवा आणि त्यावर शेंडीकडून खाली येत दाणे लावा, उलट केलं तर शेवटची ओळ बसत नाही.

ठेवण आणि नंतर

दागिने पुठ्ठ्याच्या खोक्यात टिश्यूवर सुटे मांडा, एकावर एक नको, आणि ते खोकं घट्ट झाकणाच्या डब्यात. नव्या चपला-पर्सबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या यासाठी साठवून ठेवाव्यात, पण त्या आणि हलवा एकमेकांना लागू देऊ नका. डबा ओट्यावर ठेवाल तर मुंग्या लागतील, कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि रोज एकदा बघा.

कार्यक्रम झाल्यावर नुसते दोऱ्यात बांधलेले, अंगावरून स्वच्छ उतरलेले पदर सोडून हलवा खाता येतो. गोंद लावलेलं काहीही खायचं नाही, मुलांना ते आधीच सांगून ठेवा. मुकुट आठवण म्हणून ठेवायचा असेल तर काचेच्या बंद फ्रेममध्ये ठेवा. उघडा ठेवलेला पहिल्या पावसातच ओघळायला लागतो आणि फ्रेमच्या मागच्या फटीतून मुंग्या येतात, म्हणून ती फट टेपने बंद करून घ्या.